साइक्स : एका यॉर्कशायरी आडनावाचा माग – प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

महाराष्ट्राशी संबंध आलेल्या इंग्रजी आडनावांच्या संचात पुढचं नाव साइक्स. आपल्या वाचकाला ते तीन ठिकाणी भेटतं. दख्खनच्या माळरानावरच्या तुरेवाल्या तांबूस चंडोलाला पक्षीनिरीक्षक साइक्सचा चंडोल म्हणतात, तो विल्यम हेन्री साइक्स. १९२८ ते १९३३ या काळातला मुंबईचा गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स. आणि पश्चिम आशियाची वाटणी ठरवणाऱ्या १९१६च्या साइक्स-पिको करारातला सर मार्क साइक्स. आडनाव एक म्हणून तिघांना एका वंशावळीत बसवायचं नाही. तिघांचे कागद वेगळे ठेवले आहेत.

कामाचे भाग तीन : शब्द कुठला, जागा कुठली, घराणं कुठलं. आडनावांच्या बऱ्याच याद्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात बाकीचे दोन उरकून टाकतात. ‘अर्थ ओहोळ, तेव्हा जिथे ओहोळ तिथे हे आडनाव निघालं असणार’, असा तो हिशोब. साइक्सच्या बाबतीत हा हिशोब कुठे चुकतो ते पुराव्यानिशी दाखवायचं आहे.

मराठी लेखन : मुख्य नोंद ‘साइक्स’. सूचीत सायक्स, साईक्स आणि सैक्स ही रूपंही टाकली, म्हणजे जुन्या पुस्तकांतून शोधणाऱ्याला नोंद सापडेल.

९ जानेवारी

शब्द. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे बारीक ओहोळ, विशेषतः पाणथळ जमिनीतून जाणारा आणि उन्हाळ्यात बऱ्याचदा आटणारा. जुन्या इंग्रजीत तो ‘सीच’ होता, नॉर्स भाषेत ‘सीक’. दक्षिणेत आणि मध्य इंग्लंडात शेवटचा ‘च’ टिकला. उत्तरेत स्कँडिनेव्हियन वस्तीच्या प्रभावाने ‘क’ रूढ झाला. चर्च आणि कर्क, डिच आणि डाइक या जोड्यांतही हाच फरक आहे. म्हणून मूळ एकच असलं तरी मध्य इंग्लंडात आडनाव ‘सिच’ होतं आणि यॉर्कशायरात ‘साइक्स’. एवढ्या एका व्यंजनावर उगमाचा पट्टा निम्म्याने आवळतो. नोंदीत हे वर घ्यायचं.

शेवटचा ‘स’. दोन खुलासे आहेत आणि दोन्ही ठेवायचे. एक, अनेकवचन : राहण्याच्या जागेपाशी एकाहून अधिक ओहोळ. दुसरा, जागेवरून पडलेल्या आखूड आडनावांना मागाहून सर्रास जोडला गेलेला ‘स’, जसा ब्रुक्स, होम्स, मिल्स, वुड्समध्ये. मध्ययुगीन कागदात एकाच माणसाचं नाव एकदा ‘स’सकट आणि एकदा ‘स’शिवाय येतं, त्यामुळे त्या अक्षरावर सिद्धांत उभारण्यात अर्थ नाही. ‘साइक्स म्हणजे साइकचा मुलगा’ असं काही याद्यांत लिहिलेलं असतं, ते मात्र काढून टाकलं. साइक हे माणसाचं नाव नाही. विल्यम्स किंवा रॉबर्ट्समधला ‘स’ वडिलांच्या नावाला लागलेला असतो, इथे ती गोष्टच नाही.

आडनावाचा प्रकार : भूरूपावरून पडलेलं. कारकून लॅटिन-फ्रेंच मिश्रणात ‘डेल साइक’ असं लिहीत, म्हणजे ओहोळापाशी राहणारा. आपल्याकडच्या ‘-कर’शी तुलना करता येते, पण ‘-कर’ बहुतेक गावाच्या नावाला लागतो. हा शब्द गावाहून खूप लहान जागा दाखवतो : एक शेतघर, एक बांध, फार तर चार घरांची वस्ती.

१५ जानेवारी

जागा. सहा इंची नकाशे लावले. ऑर्डनन्स सर्व्हेच्या या मालिकेचं प्रमाण १:१०,५६०, म्हणजे मैलाला सहा इंच. यॉर्कशायरची पहिली आवृत्ती १८४० आणि १८५०च्या दशकांतली. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ती आजच्या नकाशावर बसवलेली फुकट मिळते. बाजूच्या पट्टीने जुना नकाशा पुसट करत नेला की ओहोळाची आजची जागा दिसते.

पट्टा : हडर्सफील्डच्या नैऋत्येची कोल्न आणि होम नद्यांची खोरी. माथ्यावर पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) ओली जमीन, खाली ग्रिटस्टोन हा खरखरीत वालुकाश्म. पीट पाणी धरून ठेवते आणि कडेने झिरपू देते, त्यामुळे उतारावर जागोजागी असे ओहोळ फुटतात. नकाशावर साइक ओळखायची खूण म्हणजे एकेरी बारीक रेघ : उगमाशी झऱ्याचं चिन्ह नसतं, वरच्या टोकाला लव्हाळ्यांच्या ओल्या जमिनीची छटा असते आणि खालचं टोक ‘क्लफ’मध्ये, म्हणजे अरुंद खोल घळीत उतरतं. अनेकदा ती रेघ दोन शेतांमधली किंवा दोन टाउनशिपांमधली (जुन्या गाव-घटकांमधली) हद्दही असते. हद्द असल्यानेच असल्या किरकोळ पाण्याला नाव मिळालं आणि ते दस्तऐवजांत टिकलं.

जागांच्या यादीत दोन खाने केले. पहिल्या खान्यात ज्या जागांवरून आडनाव पडू शकतं अशा, दुसऱ्यात ज्यांना आडनावावरून नाव पडलं अशा. साइक्स या शब्दापुढे फोल्ड, मिल, बिल्डिंग्ज, टेरेस आलं की ती जागा दुसऱ्या खान्यात. तिथे घराणं आधी आणि नाव नंतर आहे. हे खाने एक झाले तर उगमाचे ठिपके फुगतात आणि सगळी यादी वाया जाते. शंका असेल तिथे इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे वेस्ट रायडिंगवरचे (यॉर्कशायरच्या पश्चिम विभागावरचे) १९६१ ते १९६३मधले आठ भाग उघडायचे आणि सर्वांत जुना उल्लेख कोणत्या सालचा आहे ते पाहायचं. १४०० सालाआधीचा उल्लेख असेल तरच पहिला खाना.

ट्रफ ऑफ बोलंडमधलं साइक्स नावाचं पाडं आणि थॉर्नजवळचं साइकहाउस हे दोन मोठे आणि सहज सापडणारे ठिपके. नवखा संशोधक बरोबर इथेच अडकतो, कारण नकाशात नाव ठळक दिसतं. आडनावाची दाट वस्ती मात्र दोन्हीकडून दूर, हडर्सफील्डच्या टेकड्यांत आहे. ठळक जागा म्हणजे उगम असं धरायचं नाही.

२२ जानेवारी

१३७९चा पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी. वेस्ट रायडिंगच्या याद्या जवळपास पूर्ण टिकल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापल्याही गेल्या. यॉर्कशायरी आडनावांच्या अभ्यासाचा पायाच हा. कर सोळा वर्षांवरच्यांना होता. सामान्य जोडप्याला किंवा एकट्या माणसाला चार पेन्स, कारागीर-व्यापाऱ्याला सहा पेन्स किंवा त्याहून जास्त. त्यामुळे रकमेवरून धंद्याचा अंदाज येतो. १३७७चा कर चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरसकट चार पेन्स होता आणि १३८१च्या वेळी लोकांनी नावं मोठ्या प्रमाणावर लपवली, म्हणून तुलनेसाठी १३७९च घ्यायचा.

उतारा करताना खाने : वेपनटेक (काउंटीचा जुना पोटविभाग), गाव, नाव जसंच्या तसं, धंदा, रक्कम, छापील पान. नाव ‘सुधारून’ लिहायचं नाही. ‘डेल साइक’ला साइक्स केलं की आडनाव स्थिर झालेलं होतं की नव्हतं हा प्रश्न आपणच पुसून टाकतो.

आणि प्रश्न तोच आहे. १३७९मध्ये यादीत दिसणारी सगळी नावं वंशपरंपरेची नव्हती. ‘डेल साइक’ हा नुसता पत्ता असू शकतो. त्या माणसाचा मुलगा पुढे ‘जॉनसन’ किंवा ‘वॉकर’ होऊ शकतो. वंशपरंपरा मानायला तीनपैकी एक तरी खूण हवी : बाप आणि मुलगा दोघांना तेच नाव, किंवा माणूस ओहोळापासून दूरच्या गावात राहत असूनही तेच नाव, किंवा नावाबरोबर दुसरा धंदा लिहिलेला असूनही जागेचं नाव टिकलेलं. एकटं नाव आणि एकच उल्लेख असेल तर पेन्सिलीनेच लिहायचं.

विधवांची नावं वेगळ्या रंगात. नवऱ्याकडून आलेलं नाव आणि स्वतःच्या घराचं नाव यादीत सारखंच दिसतं.

३ फेब्रुवारी

मॅनर कोर्टाच्या, म्हणजे जहागिरीतल्या जमीनदाराच्या न्यायालयाच्या, गुंडाळ्या. वेकफील्ड मॅनरचं दप्तर १२७४पासून १९२५पर्यंतचं आहे. ते आता लीड्स विद्यापीठाच्या विशेष संग्रहात असून यॉर्कशायर आर्किऑलॉजिकल सोसायटीने १९०१पासून त्याचे खंड छापले. कर-यादी एका दिवसाचं चित्र देते. हे दप्तर नाती देतं, म्हणून त्याचं मोल जास्त.

बघायची जागा एकच, वारसाची नोंद. कुळ वारलं की वारस कोर्टात येऊन जमिनीत शिरण्याची रक्कम भरतो आणि कारकून ‘अमक्याचा मुलगा तमका’ असं लिहून घेतो. जमिनीचं नाव, क्षेत्र आणि शेजारी त्याच ओळीत मिळतात. तीन पिढ्यांच्या अशा ओळी जोडता आल्या तर आडनाव कुठे, केव्हा आणि कोणाच्या घरात पक्कं झालं ते हातात येतं. बाकी दंड आणि भांडणाच्या नोंदी (कोणाचं डुक्कर कोणाच्या शेतात, कोणी बिअर पातळ विकली) माणूस त्या वर्षी जिवंत होता एवढं सांगतात. तेवढंही कामाचं आहे.

इथे नेहमी होणारा घोटाळा म्हणजे चुकीच्या मालकाच्या दप्तरात शोधत बसणं. होमफर्थची वरची खोरी वेकफील्ड मॅनरमध्ये होती. शेजारचं आल्मंडबरी पॉन्टिफ्रॅक्टच्या जहागिरीत. डोंगराच्या एका अंगाला राहणाऱ्या कुळाचं नाव वेकफील्डच्या गुंडाळीत सापडतं, आणि चार मैलांवरच्या त्याच्या भावाचं तिथे सापडत नाही. ‘नाव नाही’ लिहिण्याआधी त्या टाउनशिपचा मालक कोण ते तपासायचं. यासाठी टाउनशिप, मॅनर, पॅरिश (एका चर्चचा इलाखा) आणि वेपनटेक असा चार खान्यांचा तक्ता केला. पुढच्या प्रत्येक उताऱ्याला तो जोडायचा.

१० फेब्रुवारी

पॅरिश रजिस्टरं. १५३८मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने सुरू झाली. बऱ्याच पॅरिशांत सुरुवातीची पानं हरवली आहेत, आणि १६५०च्या दशकात यादवी युद्धानंतर मोठी भगदाडं आहेत. हरवलेल्या पानांच्या जागी बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला आणि यॉर्कच्या बोर्थविक संस्थेतली मृत्युपत्रं लावायची.

तारखा. १७५१ संपेपर्यंत इंग्लंडचं सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. रजिस्टरात १० फेब्रुवारी १६५० लिहिलं असेल तर ते आपल्या हिशोबाने १६५१. उताऱ्यात १६५०/५१ असं दोन्ही लिहायचं. नाहीतर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि नसलेला अनौरस संबंध तयार होतो.

पॅरिशच्या हद्दी. कोल्नच्या खोऱ्यात नदीच हद्द आहे. स्लेथवेट, ज्याला तिथले लोक ‘स्लाविट’ म्हणतात, हडर्सफील्ड पॅरिशमधलं उपचर्च होतं. नदीपलीकडचं लिंगार्ड्स आल्मंडबरीत. मार्सडेन दोन्हींत वाटलेलं. एकाच कुटुंबाचा बाप्तिस्मा एका रजिस्टरात आणि दफन दुसऱ्यात सापडणं इथे रोजचं आहे. स्लेथवेटचा साइक्स शोधायचा तर हडर्सफील्ड, आल्मंडबरी आणि खुद्द स्लेथवेटचं उपचर्च ही तिन्ही दप्तरं उघडल्याशिवाय पान बंद करायचं नाही.

अक्षर. सेक्रेटरी लिपीतला मोठा ‘एस’, ‘एल’सारखा वाचला जातो, म्हणून साइक्सचा ‘लाइक्स’ होतो. पसरलेल्या शाईत ‘डाइक्स’ होतो. डाइक्स हे कंबरलंडमधलं वेगळंच, खरं आडनाव आहे, त्यामुळे ही चूक नुसती वाचून लक्षात येत नाही. नावांच्या संक्षेपांची यादी भिंतीवर लावली. सर्वांत जास्त फसवणारं ‘एक्स-पी’ने सुरू होणारं क्रिस्टोफर. ती दोन अक्षरं रोमन नाहीत, ग्रीक ‘काय’ (χ) आणि ‘रो’ (ρ) आहेत.

खरी डोकेदुखी एकसारख्या नावांची. या खोऱ्यांत साइक्स, हेग, ब्रुक, आर्मिटेज, हर्स्ट, डायसन अशी मूठभर आडनावं आणि जॉन, विल्यम, जोसेफ अशी मूठभर पाळण्यातली नावं. एकाच गावात एकाच वेळी चार जॉन साइक्स. लोकांनी तोड काढली होती ती तीन पिढ्यांच्या हाकेची : ‘जॉन ओ’ बिल्स ओ’ टॉम्स’, म्हणजे टॉमच्या बिलचा जॉन. असं नाव चर्चच्या वहीत क्वचित येतं, पण कबरीवर, वर्तमानपत्रात किंवा कोर्टात आलं की सोनं. दोन दुवे एका ओळीत मिळतात. नसेल तर घराचं नाव आणि धंदा यांवरून माणूस वेगळा काढायचा. केवळ वय जुळलं म्हणून दोन जॉन एक करायचे नाहीत.

१९ फेब्रुवारी

फैलाव. आधार १८८१ची जनगणना, रात्र ३ एप्रिलची. पूर्ण उतरवलेली असल्यामुळे ब्रिटनच्या आडनाव-नकाशांचा ती नेहमीचा पाया आहे.

नुसती संख्या नकाशावर मांडली तर लंडन आणि लिव्हरपूल प्रत्येक आडनावात ठळक दिसतात, कारण तिथे माणसंच जास्त. म्हणून स्थानिक प्रमाणाला देशाच्या प्रमाणाने भागायचं. समजण्यासाठी कल्पित आकडे : एका नोंदणी जिल्ह्यात दहा हजारांत २००, देशात दहा हजारांत ५, तर गुणोत्तर ४०. एकच्या आसपास म्हणजे विशेष काही नाही. लोकसंख्या फार कमी असलेल्या जिल्ह्यात दोन-तीन कुटुंबांनीही गुणोत्तर उडतं, तेव्हा प्रत्यक्ष माणसं पन्नासपेक्षा कमी असतील तर तो जिल्हा फिक्या रंगात.

हेन्री गप्पी याने १८९०मध्ये हेच दुसऱ्या मार्गाने केलं होतं. त्याने व्यापारी निर्देशिकांतले फक्त शेतकरी मोजले, कारण गावात पिढ्यान्‌पिढ्या जागा न सोडणारा वर्ग तोच. साधनं तुटपुंजी असताना केलेला हा विचार आजही पटतो.

राहण्याच्या जागेऐवजी जन्मस्थानावर नकाशा काढला की चित्र आणखी आवळतं. जन्माची नेमकी पॅरिश १८५१पासून मिळते. १८४१मध्ये फक्त ‘याच काउंटीत जन्म : होय/नाही’ असतं आणि प्रौढांची वयं पाच-पाचच्या टप्प्यात खाली आणलेली असतात. त्या वर्षावरून वय काढून बाप्तिस्मा शोधू नये.

शोधयंत्रातली अडचण. साउंडेक्स पद्धतीत (सारख्या उच्चाराच्या नावांना एकच संकेत देणाऱ्या) साइक्स आणि सिक्स असं वाचलं जाणारं ‘आय’चं रूप दोन्हींचा संकेत एस-२२०, ते ठीक. ‘स’ नसलेल्या साइकचा संकेत एस-२००, म्हणजे शोधातून निसटला. डाइक्स डी-२२० आणि लाइक्स एल-२२०, कारण पहिलं अक्षर संकेतात जसंच्या तसं राहतं. म्हणजे सर्वांत जास्त होणारी चूक साउंडेक्स पकडतच नाही. चार शोध वेगवेगळे लावायचे आणि डाइक्स-लाइक्सच्या निकालांत जन्मस्थान वेस्ट रायडिंग असलेल्यांचं मूळ पान डोळ्यांनी बघायचं.

निकालाचं वाक्य : आडनाव वेस्ट रायडिंगचं. त्यातही हडर्सफील्ड आणि भोवतालची टेकडीवरची गावं हा गाभा. तिथून पेनाइन्स डोंगर ओलांडून सॅडलवर्थ आणि लँकेशायरच्या कापूस-गावांकडे पसारा. सॅडलवर्थ डोंगराच्या पश्चिमेला असूनही १९७४पर्यंत यॉर्कशायरमध्ये मोजलं जाई. काउंटीनुसार रंगवलेल्या नकाशात हा पसारा दिसतच नाही, म्हणून नोंदणी जिल्ह्यांचाच नकाशा घ्यायचा.

२४ फेब्रुवारी

लोक तिथेच का राहिले, यावर छोटं टिपण. या टेकड्यांत शेती एकटी पोट भरत नव्हती. पाच-दहा एकरांचा तुकडा, दोन गाई आणि घरात लोकरीचा माग, असा जोडधंदा. माग असल्याने धाकट्या मुलाला गाव सोडावं लागत नसे. माळाचा एखादा तुकडा कुंपणात घेऊन तो तिथेच घर बांधी. म्हणून एकाच आडनावाची घरं दोन-तीन मैलांत दाटत गेली. एकोणिसाव्या शतकात गिरण्याही त्याच खोऱ्यांत पाण्याच्या काठी उभ्या राहिल्या, त्यामुळे दाटी मोडायच्या ऐवजी वाढली. सपाट धान्यप्रदेशातली आडनावं विखुरली आणि इथली साचली, त्याचं कारण हे.

३ मार्च

घराणं. नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग, त्यामुळे सावकाश.

अर्थावरून अंदाज असा निघतो की ओहोळ शेकडो, म्हणून मूळपुरुषही अनेक. आडनावाचे कोश बराच काळ हेच सांगत होते. २००० साली ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्व्हेन यांनी हे तपासलं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. वेस्ट यॉर्कशायर, लँकेशायर आणि चेशायर इथल्या साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांचे वाय गुणसूत्रावरचे चार मार्कर, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या खुणेच्या जागा, तपासले गेले. २१ जणांचा, म्हणजे ४३.८ टक्क्यांचा हॅप्लोटाइप (त्या मार्करांचा एकत्रित नमुना) एकच निघाला. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या तुलना-गटात आणि ब्रिटनभरच्या नमुन्यांत तो आढळला नाही. निष्कर्ष : आजच्या साइक्सांमागे एकच मूळपुरुष. उरलेल्यांची विविधता आजूबाजूच्या लोकसंख्येसारखीच होती, म्हणजे ती बाहेरून आत आलेली. ७०० वर्षांत दर पिढीला सरासरी १.३ टक्के या दराने हे घडू शकतं, असा त्यांचा हिशोब.

हा १.३ टक्का वाचकाला नीट समजावून द्यायचा, कारण गैरसमज इथेच होतो. पिढी २५ वर्षांची धरली तर ७०० वर्षांत २८ पिढ्या. ०.९८७चा २८वा घात ०.६९. म्हणजे पिढीगणिक फार थोडं निसटूनही शेवटी तिघांपैकी एकाजवळ मूळ वाय उरत नाही. शिवाय मार्करमध्ये अधूनमधून एखादी पायरी बदलते, त्यामुळे तंतोतंत जुळणारे त्याहूनही कमी दिसतात. आणि ‘निसटणं’ म्हणजे व्यभिचारच असं नाही. अविवाहित आईचं मूल आईचं आडनाव लावतं, दत्तक येतो, सावत्र बापाचं नाव लागतं, मालमत्तेच्या अटीवर जावई आडनाव बदलतो. प्रत्येक वेळी आडनाव पुढे जातं, वाय जात नाही. नोंदीत ‘बाहेरून आलेला वाय’ एवढंच लिहायचं. कोणाच्या आजीवर शिंतोडा उडेल असा शब्द नको.

चार मार्कर आजच्या मानाने फार थोडे. पुढे ३७, ६७ किंवा १११ मार्करची चाचणी सर्वसाधारण झाली. चार जुळणारे दोघे १११वर अगदी दूरचे निघू शकतात. २०००च्या अभ्यासाचं बळ मार्करच्या संख्येत नव्हतं. तो हॅप्लोटाइप शेजाऱ्यांत नाही, या तुलनेत होतं. तुलना-गट नसलेल्या कोणत्याही आडनाव-चाचणीवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या बाजूने ताडून पाहायला २००९चा टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांचा लेस्टर विद्यापीठातला अभ्यास : ४० ब्रिटिश आडनावं, १,६७८ पुरुष. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेक सगळे एका वंशाचे निघाले. स्मिथमध्ये असा एकही मोठा गट नाही, कारण लोहार गावोगाव होते. साइक्स बऱ्यापैकी मोठं आडनाव असूनही दुर्मीळ आडनावासारखं वागतं. त्याचं वेगळेपण हे आहे आणि नोंदीचं मुख्य वाक्य याच्यावरच बेतायचं.

७ मार्च

मग बाकीचे ‘डेल साइक’ गेले कुठे? एकाच मूळपुरुषाचा पुरावा म्हणजे सुरुवातीला एकच माणूस होता असं नव्हे. १३७९च्या आसपास हे नाव वेगवेगळ्या जागांवरून पडू शकतं, आणि तरी त्यातलं एकच घराणं फोफावलेलं असू शकतं. हे गणित गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७४मध्ये मांडलं.

वाचकाला स्वतः करून पाहता येईल असं रूप : प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मोठा होणारा मुलगा, मुलांच्या संख्येची वाटणी पॉइसन (योगायोगाने घडणाऱ्या घटना मोजायचं नेहमीचं गणिती सूत्र). वंश बुडण्याची शक्यता पहिल्या पिढीत ०.३७. पुढच्या पिढीची काढायला आधीच्या आकड्यातून १ वजा करून ‘ई’चा (२.७१८ या स्थिरांकाचा) तेवढा घात घ्यायचा. दुसरी ०.५३, तिसरी ०.६३, पाचवी ०.७३, दहावी ०.८४, विसावी सुमारे ०.९१. म्हणजे विसाव्या पिढीपर्यंत दहापैकी नऊ पुरुषवंश नुसत्या योगायोगाने संपतात, आणि टिकलेल्या एकेकाच्या मागे सरासरी अकरा-बारा पुरुष असतात. हे लोकसंख्या स्थिर धरून. प्रत्यक्षात १३४८-४९च्या महामारीने कितीतरी घरं सुरुवातीलाच गेली. पुढे मागाच्या आणि गिरणीच्या काळात लोकसंख्या वाढली तेव्हा जे तिथे शिल्लक होते तेच पटीने वाढले.

त्यामुळे नोंदीत ‘एकच उगम’ लिहायचं नाही. ‘अनेक उगम शक्य, आजच्या नावधारकांत एका वंशाचं प्राबल्य’ असं लिहायचं. पहिला दावा मोडायला १३७९मधली दोन दूरची गावं पुरेशी आहेत. दुसरा त्याने मोडत नाही.

१२ मार्च

आपल्याकडचे साइक्स.

विल्यम हेन्री साइक्स, १७९०–१८७२. वडील सॅम्युअल साइक्स, यॉर्कशायरात ब्रॅडफर्डजवळच्या फ्रिझिंगहॉलचे. विल्यम कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी. १८२४मध्ये मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अहवालदार म्हणून नेमणूक, आणि १८३१पर्यंत दख्खनची जमीन, पीक, लोकसंख्या, हवामान यांबरोबर पक्षी-प्राण्यांचीही नोंद. १८३२मध्ये त्याने ज्या पक्ष्यांची शास्त्रीय वर्णनं छापली त्यांत चंडोलाला ‘देवा’ आणि हिवाळ्यात येणाऱ्या एका वटवट्याला ‘रामा’ अशी नावं दिली. ती आजच्या शास्त्रीय नावांत टिकून आहेत. भारतीय लांडग्याचं ‘पॅलिपीस’ हे १८३१चं नावही त्याचंच. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १८५७पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीनचा खासदार होता. दख्खनच्या माळावर ओढा-ओहोळ मोजत फिरणाऱ्या या माणसाचं पक्ष्यांतलं काम मोलाचं आहे आणि नोंदीत त्याला पूर्ण परिच्छेद द्यायचा.

सर फ्रेडरिक साइक्स, जन्म १८७७, क्रॉयडन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या उभारणीतला मोठा अधिकारी, मग डिसेंबर १९२८पासून मुंबईचा गव्हर्नर. मिठाचा सत्याग्रह, १९३०चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना दिलेली फाशी त्याच्याच कारकिर्दीतली. हे एका ओळीत उरकायचं नाही. नावाची नोंद करताना सोलापूरकरांना ते नाव कशासाठी आठवतं तेही नोंदलं पाहिजे. जन्म सरेतला आहे, पण जन्मस्थान म्हणजे आडनावाचा उगम नव्हे. १८७७पर्यंत हे आडनाव दक्षिणेतही पोचलेलं होतं.

सर मार्क साइक्स, १८७९–१९१९. ईस्ट रायडिंगमधल्या स्लेडमियरच्या जमीनदार घराण्यातला. हे घराणं लीड्समधल्या व्यापारातून वर आलं. स्लेडमियरचा भाग खडूच्या टेकड्यांचा, तिथे पाणी लगेच मुरतं आणि साइक फारसे नसतात. स्लेडमियरला आडनावाचं मूळ गाव म्हणणारी वाक्यं दिसली की खोडायची. नाव तिथे पैशाबरोबर गेलं.

१७ मार्च

कच्चा मसुदा तपासताना केलेले बदल. ‘साइक्स म्हणजे ओढा’ काढून ‘ओहोळापाशी राहणारा’ केलं. ‘वायकिंग आडनाव’ काढलं. शब्दावर नॉर्स छाप आहे, पण आडनावं त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी पक्की झाली, त्यामुळे नावधारकाचा पूर्वज नॉर्स होता असं त्यावरून ठरत नाही. कुलचिन्हाचं चित्र काढलं. इंग्लंडात कुलचिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलं जातं, आडनावाला नाही. ‘साइक्स घराण्याचं चिन्ह’ म्हणून चौकटीत विकली जाणारी चित्रं नोंदीत नकोत.

हयात व्यक्तींची नावं आणि चाचणीचे निकाल फाइलमधून वेगळे केले. सार्वजनिक नोंदीत खासगी कुटुंबांबद्दल १९२१च्या जनगणनेनंतरचं काही नाही.

उरलेलं काम : फ्रिझिंगहॉलच्या ओळीत सॅम्युअलपर्यंतच पक्की रेघ ठेवली आहे. त्याच्या मागे जाण्यासाठी ब्रॅडफर्ड पॅरिशची १७९०पूर्वीची रजिस्टरं, मग बोर्थविकमधली मृत्युपत्रं, या क्रमाने. चार खान्यांच्या तक्त्यात ब्रॅडफर्ड आणि मॅनिंगहॅम वाढवले. हडर्सफील्डशी दुवा जोडायचा तो वारसाच्या किंवा मृत्युपत्राच्या ओळीवरच.